कोनीय गतीत रेडियनच का, हे मुलांना अकरावीतच कळू द्या : फिजिक्सच्या शिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांत फिजिक्स शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि मॅडमना

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे, ती आधीच मांडतो. अकरावीला रेडियन हे कोनाचं माप शिकवताना ‘१८० अंश म्हणजे पाय (π) रेडियन’ एवढं फळ्यावर लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळू नका. त्याआधी एक तास द्या. वर्गात एक गोल वस्तू आणि थोडी सुतळी घेऊन जा. कोन मोजायला अंश हाताशी असताना फिरणाऱ्या वस्तूंसाठी वेगळं माप का लागलं, हे पोरांना स्वतःच्या हातांनी कळू द्या. बारावीचं पहिलंच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्स (फिरणाऱ्या वस्तूंची गती) आहे, पाचवं ऑसिलेशन्स (कंपनं). त्या दोन्ही प्रकरणांतली जवळजवळ सगळी सूत्रं या एका तासात कळणाऱ्या गोष्टीवर उभी आहेत.

मी शिवाजी उद्यमनगरात फ्लायव्हील (इंजिनला जोडलेलं जड चाक) आणि पुलीच्या टर्निंगची, बॅलन्सिंगची कामं करतो. शिक्षण शिवाजी विद्यापीठाचं, बीएस्सी फिजिक्स. डिप्लोमा करणारी, बीएस्सीची, कधी नुकतीच बारावी झालेली मुलं-मुली आमच्याकडे काम शिकायला येतात. करवीर, कागल, राधानगरी, गडहिंग्लज, सगळीकडची. हुशार असतात, सूत्रं तोंडपाठ असतात. पण ‘कोनीय वेग रेडियनमध्येच का घ्यायचा?’ असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ‘एसआय युनिट आहे म्हणून.’ आणखी विचारलं तर ‘सूत्रात तसंच टाकायचं असतं.’ यात त्या पोरांचा दोष मी धरत नाही. कारण त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. ते सोपं आहे, सुंदर आहे, आणि एकदा कळलं की विसरता येत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

आधी सुतळीचं सांगतो. ३० सेंटीमीटर त्रिज्येचं एक फ्लायव्हील घ्या. केंद्रापासून कडेपर्यंत सुतळी धरा, तेवढी कापा, आणि तोच तुकडा कडेवर वळवून बसवा. तुकड्याच्या दोन्ही टोकांपासून केंद्रापर्यंत रेघा मारल्या की मध्ये जो कोन झाला तो एक रेडियन. चाक सायकलचं असो, उसाच्या चरकाचं असो की मोटारीच्या पुलीचं, कोन तेवढाच येतो, कारण चाक मोठं झालं की सुतळीही त्याच प्रमाणात मोठी होते. असे तीन तुकडे लावले की अर्धं वर्तुळ भरत येतं, थोडी फट राहते. सहा लावले की पूर्ण वर्तुळ भरायला तुकड्याच्या पाव भागाहून थोडी जास्त जागा उरते. ६.२८ हा आकडा असा डोळ्यांसमोर येतो. मग ‘दोन पाय’ पाठ करावं लागत नाही, ते मुलांनी मोजलेलं असतं.

या मोजणीत दुसरी कुठलीही पट्टी आपण वापरली नाही. चाकाची कड चाकाच्याच त्रिज्येने मोजली. म्हणून चाक अर्धा रेडियन फिरलं असं म्हटलं की कडेवरचा खडूचा ठिपका अर्धी त्रिज्या, म्हणजे १५ सेंटीमीटर सरकला हे वेगळं काढावं लागत नाही. कोन आणि त्रिज्येचा गुणाकार केला की कडेवरची लांबी मिळाली. सेकंदाला किती कोन, याला त्रिज्येने गुणलं की कडेचा वेग मिळाला. तेच फ्लायव्हील मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १० फेरे, म्हणजे ६२.८ रेडियन. त्याला ०.३ मीटरने गुणा : कडेवरचं लोखंड सेकंदाला जवळजवळ १९ मीटर वेगाने धावतंय. मध्ये कुठलाही जोडआकडा नाही.

आता हेच अंशात करून पाहा. तोच कोनीय वेग सेकंदाला ३६०० अंश. ३६०० गुणिले ०.३ म्हणजे १०८०, आणि हा आकडा कशाचाच नाही. तो मीटरवर आणायला ०.०१७४५ ने गुणावं लागतं. हा ०.०१७४५, म्हणजे पाय भागिले १८०, कुठून आला? वर्तुळाचे ३६० भाग करायचं माणसांनी ठरवलं म्हणून आला. बाबिलोनियातल्या साठाच्या मोजणीतून ती चाल आली आणि टिकली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात सगळी मापं दशमान करायची लाट आली, तेव्हा काटकोनाचे १०० भाग करणारं ग्रॅड नावाचं माप निघालं. ते अजून कित्येक कॅल्क्युलेटरवर तिसऱ्या मोडमध्ये बसलेलं आहे. ग्रॅड घेतलं तर जोडआकडा बदलून पाय भागिले २०० होतो. फ्लायव्हील मात्र तेच आणि कडेचा वेगही तोच. माणसाने भाग किती करायचे ठरवले यावर बदलणारा हा आकडा प्रत्येक सूत्रात बाळगायचा, की ज्यात तो आकडाच लागत नाही असं माप घ्यायचं? फिजिक्सने दुसरा रस्ता धरला. रेडियनमागचं कारण एवढंच आहे.

एक गोष्ट मात्र मुलांना प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अंश वापरले तर निसर्गाचे नियम मोडत नाहीत. योग्य जागी योग्य आकड्याने गुणत राहिलं तर उत्तर बरोबरच येतं. त्रास असा की तो आकडा कुठे एकदा येतो, कुठे त्याचा वर्ग येतो, आणि तो विसरला तर चूक लहान राहत नाही. आपल्याच फ्लायव्हीलचं वजन ४० किलो धरू आणि त्याला भरीव तबकडी मानू. जडत्व आघूर्ण (मोमेंट ऑफ इनर्शिया) झालं अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे १.८. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले १.८ गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. ६२.८ घेऊन साधारण ३५५० ज्यूल येतात. एवढ्या ऊर्जेत तेच ४० किलोचं चाक ९ मीटर वर उचललं जाईल, तीन मजली इमारतीइतकं. पटतं. आता कोनीय वेगाच्या जागी ३६०० टाका. १ कोटी १६ लाख ज्यूलच्या वर उत्तर जातं. त्या ऊर्जेने चाक जवळजवळ ३० किलोमीटर उंच जाईल, प्रवासी विमानं उडतात त्याच्या अडीचपटीहून वर. इंजिनच्या एका फ्लायव्हीलमध्ये एवढी ऊर्जा असती तर त्याच्याजवळ उभं राहायची कुणाची हिंमत झाली नसती. दोन उत्तरांत सुमारे ३२८३ पटींचा फरक आहे, आणि ३२८३ म्हणजे १८० भागिले पाय याचा वर्ग. वर्गात हे गणित दोन्ही प्रकारे करून घ्या. वर्ग का आला, हे मुलांना विचारा. कडेवरच्या प्रत्येक कणाचा वेग ऊर्जेत दोनदा येतो, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की सूत्र त्यांचं झालं.

इथपर्यंत गोष्ट तशी सरळ आहे. खरी अडचण कंपनांच्या प्रकरणात येते, आणि माझं मत असं की सगळ्यात कमी वेळ नेमका तिथेच दिला जातो.

आमच्याकडे येणाऱ्या मुलांना मी एक उदाहरण घालतो. २०० न्यूटन प्रति मीटर ताठरतेची स्प्रिंग, तिला अर्ध्या किलोचं वजन. ओमेगा, म्हणजे कंपनांचा कोनीय वेग, किती? २०० भागिले ०.५ म्हणजे ४००, त्याचं वर्गमूळ २०. हे सगळ्यांना येतं. मग विचारतो, २० काय? ‘रेडियन प्रति सेकंद.’ हा रेडियन कुठून आला? स्प्रिंगच्या ताठरतेत रेडियन नाही. किलोग्रॅममध्ये नाही. आपण वर्तुळ काढलं नाही, कोन मोजला नाही, कोनमापक हातात घेतला नाही. न्यूटन प्रति मीटर भागिले किलोग्रॅम, त्याचं वर्गमूळ ‘प्रति सेकंद’ एवढंच निघतं. मग हे २० रेडियन कसे झाले, २० अंश का नाही झाले?

हा प्रश्न फार मोलाचा आहे. पोरं इथे अडतात आणि त्यांनी अडलंच पाहिजे. उत्तर साइनच्या उतारात आहे. साइनचा आलेख शून्याजवळून जातो तिथे त्याचा उतार किती? आडव्या अक्षावर रेडियन घेतले तर बरोबर १. अंश घेतले तर ०.०१७४५. ०.१ रेडियनचा साइन ०.०९९८ आहे, कोन आणि साइन जवळजवळ एकच. १ अंशाचा साइन मात्र ०.०१७४५. साइनचा विकलज म्हणजे डेरिव्हेटिव्ह कोसाइन होतो, हे आपण बिनदिक्कत लिहितो ते फक्त रेडियनमध्ये खरं आहे. अंशात प्रत्येक वेळी विकलज घेताना ०.०१७४५ बाहेर पडतो. स्प्रिंगच्या वजनाची जागा ‘आयाम (अँप्लिट्यूड) गुणिले साइन ओमेगा टी’ (टी म्हणजे वेळ) अशी लिहून आपण तिचे दोन विकलज घेतो तेव्हा ओमेगाचा वर्ग बाहेर येतो, आणि न्यूटनच्या नियमाशी मेळ घालून ओमेगाचा वर्ग म्हणजे ताठरता भागिले वस्तुमान असं ठरवतो. म्हणजे विकलज स्वच्छ निघाला हे आपण तिथे आधीच गृहीत धरलंय. रेडियन त्या पायरीवर आत आला. कुणी मोजून आणला नाही, गणितानेच आणला.

म्हणून ओमेगा टी हा कोन साइनच्या आत बसलेला दिसला तरी त्याला अंश समजता येत नाही. समजलं तर काय होतं? २० अंश प्रति सेकंद धरलं तर एका पूर्ण कंपनाला ३६० भागिले २०, म्हणजे १८ सेकंद. खरा आवर्तकाल दोन पाय भागिले २०, म्हणजे ०.३१ सेकंद. अर्ध्या किलोचं वजन कडक स्प्रिंगला लावून सोडलं तर ते सेकंदाला तीन वेळा वरखाली होतं. वर जाऊन खाली यायला त्याला १८ सेकंद लागतील का? हे प्रयोगशाळेत दोन मिनिटांत दाखवता येतं. एकदा पाहिलं की ‘मोड बदलायचा का?’ हा प्रश्न मूल स्वतःला विचारू लागतं, तुम्हाला विचारत नाही.

आणि मोडचा विषय निघालाच आहे तर बोर्डाच्या परीक्षेचंही बोलू. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. लॉग टेबलमधले साइन-कोसाइनचे तक्ते अंश आणि मिनिटांत असतात. म्हणजे दोन वर्षं मुलं रेडियनमधून अंशात येऊनच साइन शोधतात. पुढे डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला कॅल्क्युलेटर हातात येतो, तो बहुधा डिग्री मोडमध्ये असतो. आयाम ५ सेंटीमीटर, ओमेगा ४, वेळ अर्धा सेकंद. कोसाइन २ घ्यायचा. खरं उत्तर उणे २.०८ सेंटीमीटर : वजन मधल्या जागेच्या पलीकडे गेलेलं आहे. डिग्री मोडमध्ये ४.९९७ येतं, म्हणजे वजन जणू सोडल्या जागेवरून हललंच नाही. दोन्ही आकडे ‘दिसायला’ ठीकच असतात, शून्य किंवा अनंत असलं काही येत नाही, म्हणून चूक पकडली जात नाही. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरचा छोटा ‘डी’ पाहण्याची सवय लावा, हे खरं. पण त्याहून जास्त टिकणारी सवय म्हणजे ‘हा कोन आला कुठून?’ असं विचारणं. वळणावरच्या रस्त्याला दिलेल्या उताराचा कोन असेल तर तो टॅनच्या आत बसतो, अंशात घ्या, काही बिघडत नाही. तिरक्या फळीचा कोन अंशातच चांगला. पण कोन वेळेवरून किंवा ओमेगावरून तयार झाला असेल, किंवा साइन-टॅनच्या बाहेर उघडा उभा असेल, तर तो रेडियनच. एवढं एक वाक्य मुलांच्या वहीत गेलं तरी पुष्कळ झालं.

ही कल्पना परदेशातून आलेली आणि कालपरवाची आहे असंही मुलांना वाटायला नको. रेडियन हे नाव तसं अलीकडचं आहे. जेम्स थॉमसन हे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनचे थोरले भाऊ. त्यांनी १८७३ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजमधल्या परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत हे नाव छापलं. त्याआधी दीडशे वर्षं इंग्लंडमध्ये गणिती रॉजर कोट्स यांनी हे माप स्वाभाविक म्हणून ओळखलं होतं. पण वर्तुळाची कड आणि त्रिज्या एकाच मापात मोजायची ही चाल आर्यभटाच्या ग्रंथात आहे, इसवी सन ४९९ च्या सुमाराची.

आर्यभटाने वर्तुळाच्या परिघाचे २१,६०० भाग केले, म्हणजे ३६० अंशांच्या कला (एका अंशाच्या ६० कला). आणि त्याच कलांमध्ये त्रिज्या किती हे काढलं. पायची किंमत त्याने ३.१४१६ दिली आहे. २१,६०० ला ६.२८३२ ने भागा, ३४३७.७ येतात. त्याने त्रिज्या ३४३८ धरली. आजच्या हिशेबाने एक रेडियन म्हणजे ५७.२९५८ अंश. त्याला ६० ने गुणलं तर ३४३७.७ कला. म्हणजे आर्यभटाची त्रिज्या हाच रेडियन, कलांमध्ये लिहिलेला. त्याचा फायदा त्याला लगेच झाला. २२५ कलांच्या टप्प्याने त्याने २४ ज्यांचे (‘ज्या’ म्हणजे त्रिज्येने गुणलेला साइन) फरक दिले : २२५, २२४, २२२, २१९, असे उतरत शेवटी ७ पर्यंत. पहिलाच आकडा पाहा. २२५ कलांच्या कोनाची ज्या २२५. लहान कोनाची ज्या त्या कोनाएवढीच असते, हे फळ्यावर ‘साइन थीटा बरोबर थीटा’ असं लिहून आपण शिकवतो ते या कोष्टकाच्या पहिल्या घरात लिहिलेलं आहे. कंस आणि त्रिज्या एकाच पट्टीने मोजल्याशिवाय तो आकडा २२५ आला नसता. सगळे २४ फरक मिळवले तर बेरीज बरोबर ३४३८ येते. मुलांना ती बेरीज करायला लावा.

भास्कराचार्य तर आपले सह्याद्रीतले. ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत ग्रहांची तात्कालिक गती काढताना त्यांनी सांगितलं की दोन जवळच्या कोनांच्या ज्यांमधला फरक काढायचा तर कोनांमधल्या फरकाला कोटिज्येने (त्रिज्येने गुणलेल्या कोसाइनने) गुणायचं आणि त्रिज्येने भागायचं. आजच्या भाषेत साइनचा विकलज कोसाइन. त्यातही कुठला पाय भागिले १८० नाही, कारण कोन आणि त्रिज्या दोन्ही कलांमध्ये आहेत. गतीचा प्रश्न आला आणि त्यांना हेच माप लागलं. फिरणाऱ्या चाकाच्या अभ्यासकाला लागतं ते आकाशात फिरणाऱ्या ग्रहाच्या अभ्यासकाला आठशे-नऊशे वर्षांपूर्वी लागलं होतं. अकरावीच्या पोरापोरींना हे सांगितलं की त्यांचे डोळे कसे चमकतात ते मी आमच्या शॉपमध्ये पाहिलंय.

अंशांना मी कमी लेखत नाही, आणि तुम्हीही लेखू नका. ३६० ला २, ३, ४, ५, ६, ८, ९, १०, १२ अशा कितीतरी आकड्यांनी पूर्ण भाग जातो. डिव्हायडिंग हेडवर (जॉब ठरावीक कोनांनी फिरवायच्या साधनावर) गिअरचे दात पाडायचे असतील तर हँडलचे ४० फेरे म्हणजे जॉबचा एक फेरा, आणि हँडलचा एक फेरा म्हणजे ९ अंश. इथे रेडियन घेऊन बसणं वेळ वाया घालवणं आहे. मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात त्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचा हिशेबही अंशातच मांडला जातो : नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) किती, तो मावळतो कुठे. पण तिथेही एक पाऊल पुढे गेलं की रेडियन येतो. त्या दिवसांत मावळतीची जागा क्षितिजावर रोज पाव अंशाहून थोडी जास्त सरकते. किरणाची वाट किती सरकली असं विचारलं तर तो कोन रेडियनमध्ये आणावा लागतो, सुमारे ०.००५. शंभर मीटर अंतरावर ती वाट अर्धा मीटर बाजूला गेली. महाद्वार रोडवर वाढलेल्या पोराला हे उदाहरण दिलं तर तो ते जन्मभर विसरणार नाही.

आमच्या कामात तर रेडियन नाव न घेता सगळीकडे आहे. मशीन लेव्हल करताना लेव्हलवर ‘०.०२ मिलिमीटर पर मीटर’ लिहिलेलं असतं. लांबी भागिले लांबी, तो कोनच आहे, रेडियनमधला, दशलक्षातले २०. ‘पन्नासात एक’ टेपर (निमुळता उतार) म्हणजे ०.०२ रेडियन. लेथवर टेपर काढताना जुने मिस्त्री व्यासांतल्या फरकाला लांबीने भागतात आणि २८.६५ ने गुणून कंपाउंड स्लाइड तेवढे अंश फिरवतात. हा २८.६५ काय? ५७.३ च्या निम्मा. एका रेडियनचे अंश, निम्मे यासाठी की टेपर दोन्ही बाजूंनी उतरतो. मोटारीचा टॉर्क (फिरवणारा जोर) काढायला किलोवॉटला ९५५० ने गुणून आरपीएमने भागायचं, हे सूत्र प्रत्येक मोटार कॅटलॉगमध्ये सापडतं. ७.५ किलोवॉट, १४४० आरपीएम, टॉर्क ४९.७ न्यूटन-मीटर. हा ९५५० म्हणजे ६०,००० भागिले दोन पाय. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग, एवढं साधं सूत्र आहे. पण कोनीय वेग फेऱ्यांमध्ये आणि मिनिटांत मोजला, वॉटचे किलोवॉट केले, की सगळ्या रूपांतरांचं मिळून ९५५० हे गाठोडं होतं. १४४० आरपीएमचे १५०.८ रेडियन प्रति सेकंद करा आणि ७५०० वॉटला त्याने भागा, तेच उत्तर गाठोड्याशिवाय येतं. मुलं आमच्याकडे येतात तेव्हा ९५५० पाठ करतात. तो कुठून आला हे ज्याला काढता येतं, त्याला एखाद्या कॅटलॉगमध्ये शक्ती एचपीत आणि टॉर्क किलोग्रॅम-फोर्स मीटरमध्ये दिसला तरी भीती वाटत नाही.

एक नाजूक जागा राहिली. रेडियनला मिती नाही असं आपण सांगतो, आणि मग हे एकक कधी लिहायचं, कधी सोडायचं यात मुलं गोंधळतात. हा गोंधळ मोठ्यांनाही होता. १९६० मध्ये एसआय ठरलं तेव्हा रेडियनला ‘पूरक एकक’ असा वेगळा वर्ग दिला होता, १९९५ मध्ये तो वर्ग काढून टाकून त्याला साधित एककांत घातलं. मी मुलांना एवढंच सांगतो : लांबीला लांबीने भागलं म्हणून ते आकडाच आहे, पण कशाची मोजणी चाललीय हे कळावं म्हणून नाव लिहायचं. घरातली वीज ५० हर्ट्झची आहे, तिचा ओमेगा ३१४. दोन्हींचं एकक उघडं ‘प्रति सेकंद’च. नाव लिहिलं नाही तर फेरे कोणते आणि रेडियन कोणते ते कळणार नाही. कागदावर ‘रेडियन प्रति सेकंद’ लिहायला लावा, त्याचा मार्क वेगळा द्या.

पोर्शनचा ताण, सीईटी, प्रॅक्टिकल, कॉलेजची बाकीची कामं, यातून एक तास काढणं किती अवघड असतं ते मी ऐकून आहे, आणि तरीही मागतोय. तो तास बारावीत परत मिळतो. ‘वेग म्हणजे ओमेगा गुणिले त्रिज्या’, ‘त्वरण म्हणजे ओमेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या’, ‘शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले ओमेगा’ ही तीन वेगळी सूत्रं तीनदा समजावावी लागत नाहीत. सुतळी ज्याने एकदा कडेवर बसवली त्याला ती तिन्ही एकाच जागेवरून दिसतात.

वस्तू नसतील तर आमच्याकडून न्या. तीन वेगवेगळ्या मापांची मशीन केलेली फ्लायव्हील शॉपमध्ये नेहमी असतात, सर्वांत लहान एका माणसाला उचलता येतं. फेरे मोजायचा टॅकोमीटर आहे, स्प्रिंगा आहेत. वर्गच घेऊन आलात तर सकाळच्या पाळीत, मशीन सुरू व्हायच्या आधी, वीस-पंचवीस मुलं आरामात उभी राहू शकतात. येताना बंद बूट घालायला सांगा, मुलींना केस बांधून यायला सांगा, ओढणी-मफलर बाहेर ठेवावे लागतील. दोन दिवस आधी कळवलं तर पुरे.

आपला,
शिवाजी उद्यमनगरातला एक वर्कशॉपवाला
कोल्हापूर